भागाबाईचे दात

भागाबाई गेली हे मला कॉलनीच्या फाटकाशी कळलं. मी चिंचोळीच्या कॅम्पवरून इंजिनिअर साहेबांना घेऊन परतलो होतो. साहेबांना बंगल्यावर सोडलं, जीप ऑफिसात लावली आणि चालत घरी आलो. पिशवीत तूरडाळ होती. तिनंच आणायला सांगितली होती.

फाटकाशी सगळ्या घरांतले पुरुष उभे होते. सगळ्यांचे कपडे पांढरे, इस्त्रीचे. मला बघून ते दोन्ही बाजूंना सरकले, लग्नात नवरदेवाला वाट देतात तसे.

चन्नबसप्पा पुढे आले. ते सद्भाव कॉलनीचे सेक्रेटरी, रिटायर हेडमास्तर. मी त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा हात लावला.

"भीमराज, धीर धरा. अक्का गेल्या."

"कुठं?" मी विचारलं. खरंच तसं विचारलं.

"काल दुपारी प्राण गेला. संध्याकाळी सगळं उरकून घेतलं."

"उरकून म्हंजी?"

"उन्हाळा आहे, बघा. ठेवता येत नव्हतं. काही कमी पडू दिलं नाही. तूप घातलं, चंदनाचं लाकूड घातलं."

"जाळलं तिला?"

"अग्नी दिला."

"आमच्यात माती देतात, अण्णा. कमठाण्याला तिचा भाऊ हाय, पिराजी. त्याला कामून न्हाई कळवलं?"

"माणूस पाठवला होता. पिराजी भेटले नाहीत, म्हणाला."

कमठाणा काही हैदराबाद नाही. बीदरहून सायकलीवर माणूस जाऊन येतो. पिराजी दिवसभर शेतावर होता आणि त्याचं शेत रस्त्याला लागून आहे. न भेटायला काय झालं होतं?

मी घरात गेलो. फरशी धुतलेली होती. तिची गादी नव्हती, गोधडी नव्हती, पाणी प्यायचा तांब्यासुद्धा नव्हता. "रोगट वस्तू म्हणून जाळल्या," अण्णांच्या बायको सिद्धम्मा दारातून म्हणाल्या. उंबऱ्याच्या आत त्या आल्या नाहीत. हातात ताट होतं, त्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी. "दोन घास खा. अक्का दात दुखत होते म्हणून दाखवायला गेल्या, आणि ताप भरला."

थोड्या वेळानं शेजारच्या माणिकरावांची बायको पातळ भाजी घेऊन आली. "काय सांगावं, दात दुखत होते म्हणून दाखवायला गेल्या, आणि ताप भरला." मग तिसऱ्या घरातून ताक आलं. ताक आणणारीही तेच म्हणाली. शब्द इकडचा तिकडे झाला नाही. शाळेत पोरं धडा पाठ करतात, तसं सगळ्या घरांनी ते पाठ केलं होतं.

भागाबाईचे दात कधी दुखले नव्हते. ती ऊस दातानं सोलायची. सुपारी अडकित्त्याशिवाय फोडायची. मी तिला म्हणायचो, "तुझे दात सरकारी जीपच्या स्टार्टर हँडलसारखे हाएत." ती म्हणायची, "तुमच्या जीपचं तर तेबी वाकलंय."

ताटं मी तशीच बाहेर ओट्यावर ठेवली. कुत्र्यांनी खाल्ली.

कॉलनीबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की कुठली तरी आडगावची गोष्ट आहे. बीदरहून जनवाड्याकडे जाताना डाव्या हाताला सद्भाव कॉलनी लागते. एकसारखी घरं, लाल दगडाची कंपाउंडं, दारोदार जास्वंद. राहणारे हेडमास्तर, बँकेचे कारकून, तहसिलातले लोक. दर रविवारी सगळे मिळून रस्ता झाडायचे, अण्णा स्वतः झाडू घ्यायचे. स्वच्छतेच्या स्पर्धेत ढाल मिळाली होती ती त्यांच्या व्हरांड्यात होती. एक घर आमच्या लोकांसाठी राखून ठेवलेलं होतं, ते मला मिळालं. आम्ही राहायला गेलो त्या दिवशी अण्णांनी हार घालून स्वागत केलं आणि भाषण केलं की इथं जात नाही, इथं फक्त माणूस आहे. त्या कॉलनीत मला कधी कुणी वाईट शब्द बोललं नाही. कुणी माझ्या घरात पाणीही प्यायलं नाही. "आत्ताच घेतलं की," असं हसून म्हणायचे. सगळे नेहमी आत्ताच पाणी पिऊन आलेले असायचे.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. म्हणून भागाबाईचा जीव अण्णांच्या सुनेत गुंतला. सुनेचं नाव रुद्रम्मा, हुमनाबादकडची, वीस-बावीसची पोर. नवरा तिला मारायचा. कॉलनीत आवाज होऊ नये म्हणून रेडिओ मोठा करून मारायचा. रेडिओ मोठा झाला की भागाबाई हातातलं काम टाकून मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहायची. नंतर ती पोर भिंतीशी यायची आणि भागाबाई तिला काही खायला द्यायची, डोक्याला तेल लावायची. रुद्रम्मा तिला मावशी म्हणायची.

गेल्या दिवाळीनंतर रुद्रम्मा भुंकायला लागली.

आमच्या भागात याला भानामती म्हणतात. बाई अचानक आखडते, कुत्र्यासारखी भुंकते, कपडे फाडते. मग लोक म्हणतात, कुणीतरी केलंय. करणारा शोधतात. अंगात आलेली बाई त्या वेळी ज्याचं नाव घेईल तो करणारा. तो सापडला की त्याचे पुढचे दात पाडतात. दात गेले की मंत्राचा उच्चार नीट येत नाही आणि करणी सुटते, असं मानतात. मी लहान असताना आमच्या शेजारच्या गावात एका म्हाताऱ्याचे दात दगडानं पाडलेले मी बघितले आहेत. कॉलनीतले लोक या गोष्टीला हसायचे. अण्णा म्हणायचे, "अडाणी लोक, भीमराज. शिक्षण पोचलं नाही."

मला खरं काय ते यल्लम्मानं सांगितलं. ती कॉलनीचा रस्ता आणि गटारं झाडायची. ढाल अण्णांना मिळाली होती, झाडायची ही. तिची राख सावडून मी परत येत होतो तेव्हा ती नाल्याच्या पुलाशी माझी वाट बघत बसली होती.

"ड्रायवरअण्णा, तुमाला काय सांगितलं त्यांनी?"

"दात दुखत व्हते म्हणून दाखवायला गेली."

ती थुंकली. "दुखत न्हवते. तुमी कॅम्पला गेलाव, अन् दुसऱ्या दिशी सकाळी बायका आल्या तुमच्या घरी. सिद्धम्मा व्हती, माणिकरावाची व्हती, आणखी तिगी-चौघी. नवं लुगडं आणलं व्हतं. अक्काला नेसवलं. वटी भरली. सगळ्या हसायल्या व्हत्या. मला वाटलं कुणाच्या तरी लग्नाला न्यायलेत. मग भाड्याची गाडी आली."

"मग?"

"सांजच्याला आणून सोडलं. अक्कानं तोंडाला पदर दाबलेला. पदर लाल. मी गटार काढायली व्हते. तिनं माझ्याकडं बघितलं अन् पदर काढला. ड्रायवरअण्णा, समोरचे दात न्हवते. वरचे बी अन् खालचे बी."

मी पुलाच्या कठड्यावर बसलो.

"पुढं तोंड सुजलं. डोळे बी दिसनात. घोट जाईना. बायका आळीपाळीनं बसायच्या तिच्यापाशी. मी म्हणलं, सरकारी दवाखान्यात न्या. सिद्धम्मा म्हणली, आम्ही बघतोय की, तू तुझं काम कर."

"दवाखान्यात कामून न्हाई नेलं?"

"तिथला डॉक्टर इचारला असता ना, दात कुणी काढले म्हणून."

मी तिला विचारलं की हे पोलिसात सांगशील का. ती म्हणाली, "सांगीन. पण मी गाडी बघितली, दात काढताना न्हाई बघितलं. अन् माझं कोण ऐकतंय?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सगळे झाडू घेऊन रस्त्यावर आले. बायको गेलेल्या माणसाच्या दारासमोर आज नको, असं कुणाला वाटलं नाही. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो.

"अण्णा, भागाबाईचे दात कुणी काढले?"

झाडू थांबले. अण्णांनी आपला झाडू हळूच भिंतीला टेकवला आणि माझा दंड धरून मला त्यांच्या व्हरांड्यात नेलं. खुर्ची दिली. आवाज असा की समोर परीक्षेत नापास झालेलं पोर बसलंय.

"हे बघा भीमराज, आम्ही काही खेड्यातल्यासारखं केलं नाही. दगड नाही, पकड नाही. चांगला दाताचा डॉक्टर. सुई देऊन. खर्च सोसायटीनं केला."

"कशासाठी?"

"रुद्रम्मानं नाव घेतलं. एकदा नाही, तीन-चारदा. आम्ही सगळे हजर होतो. शिवाय अक्का रोज संध्याकाळी काहीतरी पुटपुटायच्या. कुणाला न समजणाऱ्या भाषेत. माझी बायको भिंतीपलीकडून ऐकायची."

"ती वंदना हाय, अण्णा. पाली हाय ती. बाबासाहेबांच्या फोटोपुढं म्हणायची. तुमी हेडमास्तर व्हते की."

"असेल. मी कुठं नाही म्हणतो. पण लोकांच्या मनाला शंका आली की ती काढावी लागते. शंका ठेवून शेजारधर्म होत नाही." मग ते जरा पुढे वाकले. "आणि जबरदस्ती नव्हती. अक्कांना आम्ही सांगितलं की यानं रुद्रम्माला बरं वाटेल. त्या म्हणाल्या, पोरगी बरी होत असेल तर काढा. मोठ्या मनाच्या होत्या. कॉलनी त्यांना विसरणार नाही."

मी उठलो. समोर टीपॉयवर ती ढाल होती. मी ती उचलली आणि व्हरांड्याच्या फरशीवर आपटली. पितळेची होती, फुटली नाही, नुसता आवाज झाला. अण्णांनी ती उचलून पदराच्या टोकानं पुसायला सिद्धम्माकडे दिली आणि म्हणाले, "दुःखात माणसाला भान राहत नाही. आम्ही मनाला लावून घेत नाही." तेव्हा माझ्या लक्षात आलं की या लोकांशी भांडताच येत नाही. तुम्ही ओरडलात की तेच तुम्हाला माफ करतात.

डॉक्टर कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. मी बीदरात विचारलं, भालकीत विचारलं, जहिराबादपर्यंत जाऊन आलो. अशी बाई कुणाकडे आली नव्हती. एकानं मला विचारलं, "तुमच्याकडे काही पुरावा आहे का?" पुरावा जाळून झाला होता. चंदन घालून जाळला होता. चंदन कशासाठी ते मला आता कळलं. आम्ही माती दिली असती तर ती उकरता आली असती.

राहिली होती फक्त रुद्रम्मा. तिनं नाव घेतलं म्हणून हे झालं. तिनंच सांगितलं की भागाबाईनं काही केलं नव्हतं, तर अण्णांची भाषणं कुठं टिकली असती? मी रोज दुपारी मागच्या भिंतीशी उभा राहू लागलो. भागाबाई गेल्यापासून पोर भुंकली नव्हती, आणि कॉलनी खूश होती. सिद्धम्मा नळावर म्हणताना मी ऐकलं, "बघा, गुण आला की नाही."

एका दुपारी ती भिंतीशी आली. हातात वाळत घालायचे कपडे होते. माझ्याकडे न बघता बोलली.

"मामा, मी मावशीचं वाईट केलं न्हाई."

"मग नाव कामून घेतलंस?"

"त्यांनी मारलं मला. खाटंला बांधलं. आंगावर पाणी टाकलं. सगळी कॉलनी गोळा झाली व्हती. मला म्हणायले, सांग कोण हाय, सांग कोण हाय. मला काय कळंना. मी म्हणलं, भागामावशीला बोलवा. मावशी, ये, मला सोडव. तिला हाक मारली हो मी. दुसरं कुणाला मारू?"

पोर आपल्या माणसाला हाका मारत होती. त्या हाकेत त्यांना गुन्हेगाराचं नाव ऐकू आलं, कारण त्यांच्या हिशोबानं अशा वेळी बाई दुसरं काही बोलूच शकत नाही.

"अन् ते भुंकणं?" मी विचारलं.

"भुंकलं की मारत न्हाईत," ती म्हणाली. "भ्येतात. एवढंच जमतं मला."

"हे असंच पोलिसात सांगशील का? मला हाक मारली, एवढंच सांग. बाकीचं मी बघतो."

तिनं एक चादर झटकली, दोरीवर टाकली, आणि चादरीमागून विचारलं, "मग माझे दात ऱ्हातील का, मामा?"

मी म्हणालो, राहतील. मी तुझ्यासमोर उभा राहीन. तिनं दुसरी चादर दोरीवर टाकली. मग म्हणाली, "सांगते."

मी तक्रार दिली. फौजदार नवीन होता, बेळगावकडचा. त्यानं ऐकून घेतलं, हसला नाही. म्हणाला, "मुलीनं सांगितलं तर मी लिहून घेतो. त्याशिवाय माझ्या हातात काही नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी तो कॉलनीत आला.

अण्णांना आधीच कळलं होतं. लिंबाच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. चहा होता, चिवडा होता, पाण्याचे ग्लास झाकून ठेवलेले होते. सगळी कॉलनी पांढऱ्या कपड्यांत होती. रुद्रम्माला नवं हिरवं लुगडं नेसवून आणलं. सिद्धम्मानं एका बाजूनं तिचा हात धरला होता, माणिकरावांच्या बायकोनं दुसऱ्या बाजूनं. दोघी हसत होत्या. भागाबाईलाही असंच नवं लुगडं नेसवून नेलं होतं.

"ये बाळ," फौजदार म्हणाला. "घाबरू नकोस. त्या दिवशी तू भागाबाईंचं नाव का घेतलंस?"

"सांग की," सिद्धम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "जे असेल ते सांग. आपल्या घरात कुणी तुला काही म्हणणार आहे का?"

रुद्रम्मानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिचे ओठ हलले. "मावशीला..." एवढा शब्द मी ऐकला. फौजदारानं ऐकला का माहीत नाही. मग तिच्या नवऱ्यानं नुसता घसा साफ केला. मागच्या रांगेत उभा होता तो, हातात चहाचा कप होता. रुद्रम्माचं अंग ताठ झालं, मान मागे गेली, आणि ती भुंकली. पुन्हा भुंकली. भुंकत भुंकत जमिनीवर बसली, पण डोळे माझ्यावरून हलवले नाहीत. माझ्याकडे बघत भुंकत राहिली. ती मला सांगत होती की एवढंच जमतं. मला ते कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नाही.

कारण सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या शेजारी उभे असलेले माणिकराव बाजूला झाले, मग त्यांच्या शेजारचे. माझ्याभोवती मोकळी जागा झाली. फौजदार खुर्चीतून उठला, त्यानं पेन खिशाला लावलं, आणि तोही, बेळगावकडचा शिकलेला माणूस, माझ्यापासून एक पाऊल मागे सरकला.

"घ्या साहेब, चहा घ्या," अण्णा म्हणाले.

फौजदार गेल्यावर सिद्धम्मा माझ्या ओट्यापाशी आल्या. त्यांचा आवाज मऊ होता.

"भीमराज, अक्का गेल्यापासून संध्याकाळी तुम्ही त्यांचं ते म्हणायला लागलात ना, ते जरा बंद ठेवता का? पोरीला त्रास होतोय. तुम्ही समजदार आहात."

मी म्हणालो, "न्हाई."

"बघा," त्या म्हणाल्या. "आम्ही तुमच्या भल्याचंच सांगतोय."

मी आता वंदना मोठ्यानं म्हणतो. दार उघडं ठेवून, ओट्यावर उभा राहून म्हणतो. गळा चांगला नाही माझा. शेजारची घरं खिडक्या लावून घेतात. पिराजी म्हणतो, घर विकून कमठाण्याला ये, दाजी, हे लोक तुला सोडणार न्हाईत. मी घर विकणार नाही. कॅम्पला जाताना दाराला दोन कुलपं लावतो, आणि कुणी हसत दिलेलं काही खात नाही.

रुद्रम्माला त्यांनी हुमनाबादला माहेरी पाठवलं. मी दोनदा जाऊन आलो. तिच्या बापानं दार अर्धं उघडलं, पोरगी झोपलीय म्हणाला, आणि लावून घेतलं. दुसऱ्या वेळी आतून भुंकल्याचा आवाज आला, मग थांबला. मी ओसरीवर बसून राहिलो. तिच्या आईनं मला पाणी आणून दिलं. मी ते प्यालो. ती म्हणाली, "आता नका येऊ, दादा."

फौजदाराची बदली झाली. नव्या फौजदाराला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, मुलीला घेऊन या.

रुद्रम्माचा जबाब अजून झालेला नाही.